तीन अक्षरांची जागा

"आलास? ये, ये. मी तुझीच वाट पाहत होतो," काजवा म्हणाला, आणि नातीने मागे वळून पाहिलं.

मागे सोफ्याची पाठ होती. तिच्या मागे भिंत, भिंतीवर घड्याळ. नातीने घड्याळाकडेही एकदा नीट बघून घेतलं आणि मग आजीला विचारलं, "कोण आलाय?"

"कुठे कोण?" आजी मटार सोलत बसली होती. रविवारची दुपार होती आणि दारही बंद होतं.

"हा म्हणतोय ना, आलास. कोण आलाय?"

"अगं, तुलाच म्हणतोय तो. तूच नाही का आलीस गोष्टीत?"

"मी आलीस आहे," नात म्हणाली. तिला साडेचार वर्षं झाली होती, आणि आजीला बऱ्याच गोष्टी समजावून सांगाव्या लागतात हे तिच्या ध्यानात आलेलं होतं. "आलास म्हणजे शेजारचा दादा."

एवढं बोलून तिने टॅब्लेट सोफ्यावर पालथा घातला, त्याच्यावर उशी ठेवली आणि आजीच्या पुढ्यात येऊन शेंगा सोलायला बसली.

"का गं? आवडली नाही गोष्ट?"

"आवडली. पण ती त्याची आहे. तो आला की देईन."

आजीच्या हातातली शेंग हातातच राहिली.

कारण ती गोष्ट आजीच्याच ऑफिसात तयार झालेली होती, आणि टॅब्लेटवर होती ती बाहेर पडण्याआधीची कच्ची प्रत. एका राजाची सावली हरवते आणि एक काजवा ती शोधायला निघतो, अशी गोष्ट. छापलेल्या पुस्तकासारखी ती गप्प पडून राहत नसे. लव्हाळ्याला बोट लावलं की बेडूक उडी मारायचा आणि सोबत यायचा. ओळीतल्या शब्दाला बोट लावलं की शब्द बोलायचा. काजवा बोलायला लागला की अक्षरं एकेक करून उजळायची. आणि सावली शोधायला काजव्याबरोबर जायचं ते वाचणाऱ्या मुलाने. त्याच्याशी काजवा सगळ्या गोष्टीभर बोलत राहायचा. आलास, घाबरलास का, दमलास का, नदीपार पोहोचलास. अशी एकूण त्रेचाळीस वाक्यं होती, आणि समोर मुलगाच बसलेला आहे हे काजव्याने त्रेचाळीसही वेळा धरून चाललेलं होतं.

आजीनेही धरून चाललेलं होतं. तिने ती वाक्यं तीनदा वाचली होती आणि प्रत्येक पानाखाली सही केली होती. वाक्यात चूक असती तर ती तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. चूक नव्हतीच.

तासाभराने नातीला राहवेना. तिने उशी काढली, टॅब्लेट घेतला आणि आपल्यापुरती तोड काढली. संध्याकाळी लेक हॉस्पिटलची ड्युटी संपवून तिला न्यायला आली तेव्हा राजाची सावली सापडून गेली होती.

"चल, चप्पल घाल. उशीर झालाय."

"घालतो," नात म्हणाली. "आई, मी घाबरलो नाही. मी नदीपार पोहोचलो."

लेक हसली. "हे काय नवीन?"

"तुझ्या आईचे प्रताप," आजी म्हणाली. तीही हसली, पण सोललेले मटार फ्रिजमध्ये ठेवताना तिने ते डब्याऐवजी केराच्या टोपलीत आणि सालं डब्यात भरली, हे तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

ऑफिसात आजीला वेलांटीकाकू म्हणत. त्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा तीन मजले चढून वर आली, तेव्हा दारावर पाटी होती, 'गोष्टींची दुनीया'. धाप लागलेली असतानाच ती म्हणाली, "'नी'ची वेलांटी पहिली हवी." स्वतःचं नाव तिने त्यानंतर सांगितलं, पण तोवर उशीर झाला होता.

त्याआधी एकतीस वर्षं तिने एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. म्हणजे पुस्तक छापण्याआधीचा कच्चा कागद वाचायचा, चुकलेल्या काना-मात्र्याला पेन्सिलीने खूण करायची आणि कागद आत पाठवायचा. आत जुळारी असे. तो एकेका अक्षराचे धातूचे खिळे वेचून ओळी जुळवायचा. पुढे त्या जुळाऱ्याशीच तिचं लग्न झालं. "माझ्या इतक्या चुका दुसऱ्या कुणी काढल्या नव्हत्या, म्हटलं घरातच आणून ठेवू," असं तो सगळ्यांना सांगायचा. त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. छापखाना त्याच्याही आधी बंद पडला होता.

या ऑफिसात तीन खोल्या होत्या. एकीत चित्रं व्हायची, एकीत कॉम्प्युटर होते, आणि तिसरीच्या भिंतींना ब्लँकेटं ठोकून तिथे आवाज भरला जायचा. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. तिथलं यंत्र सुरू झालं की वर राजा, राणी, राक्षस सगळे तोंड मिटून बसत.

हा आठवडा काकूंचा तिथला शेवटचा होता. शुक्रवारी सुट्टी होणार होती, कायमची. संचालक असलेली मुलगी एकतीस वर्षांची होती आणि सगळे तिला ताई म्हणत, काकूसुद्धा. ताईने महिन्यापूर्वीच समोर बसवून सगळं सांगितलं होतं. "काकू, आता चुकलेल्या शब्दाखाली कॉम्प्युटरच लाल रेघ मारतो. त्यातूनही एखादी राहिली तर आईबाप कळवतात, आपण अपडेटमध्ये दुरुस्त करतो. काही बिघडत नाही."

काकूंना ते पटलंही होतं. छापखान्यात एक चूक राहिली की ती हजार प्रतींत राहायची आणि लोकांच्या कपाटांत म्हातारी व्हायची. ती भीतीच गेली म्हटल्यावर भीतीच्या राखणदाराला कोण ठेवणार? वाईट वाटलं, पण त्यांना. त्यांच्या गुडघ्यांना नाही.

सोमवारी सकाळी काकू ताईच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. ॲप पुढच्या सोमवारी बाहेर पडायचं होतं, आणि ताई दोन फोनवर एकाच वेळी बोलत होती.

"त्रेचाळीस वाक्यं बदलायची आहेत," काकू म्हणाल्या.

ताईने दोन्ही फोन ठेवले. "तुम्हीच पास केलीत ना ती?"

"तीनदा."

"मग बरोबर असतील."

"बरोबर आहेत. नातीने टॅब्लेटवर उशी ठेवली." आणि काकूंनी सोफ्यापासून चपलांपर्यंत सगळं सांगितलं.

ताईला हसू आलं. "गोड आहे हो. पण काकू, मी लहानपणी सगळं असंच वाचलंय. बाळा, मोठा हो, शहाणा हो. मला कधी काही वाटलं नाही."

"मागे वळून बघितलं होतंत का कधी?"

"आठवत नाही."

"मलाही नाही आठवत," काकू म्हणाल्या. "बघितलं असेल. मागे कुणी नाही म्हटल्यावर पुढे वाचलं असेल. आपण काय, वाचतोच पुढे."

मग ताईने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "बग्या!"

बग्या चाळिशीला टेकलेला प्रोग्रामर होता. प्रोग्राममधल्या चुकांना तो बग म्हणायचा आणि दिवसभर त्या शोधायचा, म्हणून बग्या. त्याला दोन मुली होत्या. सगळं ऐकून तो म्हणाला, "सुरुवातीलाच विचारायचं, मुलगा की मुलगी. पण मग सगळं दोनदा भरावं लागेल. काजव्याच्या आवाजाला नटकाका तीन दिवस लागतील, आणि ॲप दुप्पट जड होईल."

"तेवढा वेळ नाही," ताई म्हणाली. "अपडेटमध्ये करू. सहा महिन्यांनी."

"तोवर ती पाच वर्षांची होईल," काकू म्हणाल्या. "सवय होऊन जाईल तिला. दोनदा नको. एकदाच बोलायचं, पण असं की दोघांनाही चालेल. नटकाका गुरुवारी यायचेच आहेत ना?"

"जाहिरातीच्या चार ओळी बोलायला. एक तास."

"एका तासात होतील त्रेचाळीस."

"बोलून होतील," बग्या म्हणाला. "पण काकू, अक्षरं आवाजाबरोबर उजळतात. मी एकेका वाक्याचं माप घेऊन ते बसवलंय. नवं वाक्य लांब झालं किंवा आखूड झालं तर काजव्याचं तोंड एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. सगळं परत बसवायला मला पंधरा दिवस लागतील."

"म्हणजे ओळ हलता कामा नये."

"कसली ओळ?"

काकूंच्या तोंडावर एकदम तरतरी आली. खिळ्यांच्या जमान्यात हीच तर खरी कसरत होती. ओळीत एक शब्द वाढला की शेवटचा शब्द खालच्या ओळीत घुसायचा, तो तिथल्याला ढकलायचा, आणि एका दुरुस्तीपायी सबंध पान हलायचं. म्हणून दुरुस्ती सुचवायची ती मोजून. पाच अक्षरं काढलीस तर पाचच घाल. तरीही कधी बसत नसे. तेव्हा काकू कागद घेऊन आत जायच्या, आणि जुळारी खिळ्यांतून मान वर न करता म्हणायचा, "तू खूण कर गं. बसवायला मी आहे ना."

"अक्षराला अक्षर देते," त्या म्हणाल्या. "तुझं माप नाही हलणार."

ताईने थोडा विचार केला. "ठीक आहे. गुरुवारी, त्या एका तासात. पण सगळीच्या सगळी बसली तरच. निम्मी गोष्ट एक बोलते नि निम्मी दुसरंच, असं नको. एक जरी अडलं तरी आहे तशीच जाणार."

काकूंनी पेन्सिलीला टोक काढलं.

व्याकरण त्या कुठे शिकायला गेल्या नव्हत्या. ते डोळ्यांतून आत गेलं होतं, डब्यात धूळ जाते तसं. पण आजवर चूक शोधायची होती, आता बरोबर असलेल्या वाक्यातून वाट काढायची होती. 'घाबरलास का?' सहा अक्षरं. 'भीती वाटली का?' तीही सहा. 'दमलास का?' पाच. 'दम लागला?' पाच. 'शहाणा आहेस!' याचं 'शहाणं बाळ ते!' झालं, आणि बग्या म्हणाला की हे त्याच्या धाकटीला आवडेल, मोठी मात्र टॅब्लेट फेकून देईल.

"आलास, ये, ये, याचं काय केलंत?"

"ये की! ये, ये, ये."

बग्याने बोटांवर मोजलं. पाचाला पाच. "काकू, तुम्ही तर शिंपी निघालात."

मंगळवारी दुपारी त्या नदीपाशी अडल्या. 'नदीपार पोहोचलास!' नऊ अक्षरं.

"'पैलतीर गाठलंस' करा," बग्याने सुचवलं.

"साडेचार वर्षांच्या पोरीला पैलतीराला पाठवतोस? जरा अर्थ बघ." त्यांनी थोडा वेळ पेन्सिल दातात धरली, मग लिहिलं, 'तू नदी ओलांडलीस की!'

"हे तर मुलीचं झालं. ओलांडलीस."

"ती वेलांटी नदीची आहे. नदी मुलगी आहे. ओलांडणारा कुणी का असेना."

बग्याने ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. चाळीस वर्षं तो हीच भाषा बोलत होता.

तिथून काम सुटलं. काकूंना रस्ताच सापडला. काहीतरी ओलांडलं, उचललं, शोधलं असं म्हणावं, म्हणजे क्रियापद त्या वस्तूच्या मागे जातं आणि माणसाला मोकळं सोडतं. आणि त्याहून सोपी वाट बुधवारी सकाळी दिसली तेव्हा त्या खुर्चीवरून उठल्याच.

"बग्या, अरे गंमत बघ. गेलास, गेलीस. जातोस, जातेस. झालेलं नि चाललेलं सांगायचं तर भाषा आधी विचारते, मुलगा की मुलगी. आणि पुढचं सांग. तू जाशील. तू शोधशील. तू जिंकशील. काही विचारत नाही."

"मग सगळं भविष्यकाळातच टाका."

"गोष्ट कधीतरी घडायला पण हवी ना बाबा," काकू म्हणाल्या. पण अकरा वाक्यं त्यांनी त्या वाटेने पार नेली.

बुधवारी चार वाजता बेचाळीस वाक्यं झाली होती. राहिलं सत्ताविसावं.

ते जंगलातलं होतं. तिथे सगळं चित्र काळं होतं. झाडं जातात, नदी जाते, नुसता काजव्याचा ठिपका राहतो, आणि काजवा म्हणतो, 'घाबरू नकोस. तू एकटा नाहीस.'

पहिलं वाक्य सरळ होतं. दुसऱ्यात 'एकटा' बसला होता, हलायला तयार नसलेला. सात अक्षरं.

"'आपण दोघं आहोत,'" ताई जाता जाता म्हणाली.

"बेडूक आहे ना खांद्यावर. तिघं."

"मग 'तिघं.'"

"लव्हाळ्याला बोट लावलं असेल तरच बेडूक येतो," बग्या म्हणाला. "काही मुलं लावतच नाहीत. त्यांच्याकडे दोघंच."

"आणि मुलं मोजतात," काकू म्हणाल्या. "आमची तर नक्कीच मोजेल."

पाच वाजले. काकूंनी कागदावर सतरा वाक्यं लिहिली होती आणि सतराही खोडली होती. ताईने दारातून विचारलं, "झालं का?" आणि काकूंच्या तोंडाकडे बघून, न चिडता, म्हणाली, "नाही तर नाही हो, काकू. बेचाळीस केलीत हेच खूप झालं." म्हणजे बेचाळीसही जाणार होती.

त्यांनी पर्स उचलली. बग्याही निघाला होता. जिन्यातला दिवा आठवडाभर गेलेला होता, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर संध्याकाळी पायरी दिसत नसे. काकूंनी कठड्याला धरलं आणि दुखरा पाय पुढे केला.

"सावकाश, काकू," मागून बग्या म्हणाला. "मी आहे ना."

काकू थांबल्या. खालच्या दवाखान्यातून औषधाचा वास येत होता. कठडा हाताला गार लागत होता.

"पाय दुखतोय का?"

"चार," काकू म्हणाल्या.

"काय चार?"

"अक्षरं. मी आहे ना. चारच आहेत. तीन कमी पडतात." आणि मग, पुढची पायरी उतरून, "पडू देत."

नटकाका गुरुवारी दहाला आले. ते चाळीस वर्षं नाटकांत कामं करत होते आणि दोन जिने चढले की तिसऱ्यावर, दम लागला नाही हे कळावं म्हणून, एखादं वाक्य म्हणून दाखवत. ब्लँकेटांच्या खोलीत शिरताना ते म्हणाले, "मी तर गोष्ट कधीच संपवली. काजवा परत कसा काय जिवंत झाला?"

"काजव्याचं बोलणं सुधारलंय," ताई म्हणाली.

वाक्यं भराभर होत गेली. दोनदा खालचं यंत्र सुरू झालं आणि सगळे थांबले. 'तू नदी ओलांडलीस की!' या वाक्यावर नटकाका स्वतःवरच खूश झाले आणि ते त्यांनी न सांगता तीनदा म्हटलं. तास संपायला अकरा मिनिटं राहिली तेव्हा सत्ताविसावं आलं.

"घाबरू नकोस. मी आहे ना," नटकाका म्हणाले.

बग्याने मान हलवली. "लवकर संपतं. पुढे ठिपका उजळत राहतो आणि आवाज नाही. तीन अक्षरांची जागा रिकामी राहते."

"एवढंच ना? मग 'सोबत' म्हणतो. मी आहे ना सोबत. चार नि तीन सात." नटकाकांनी ते म्हणूनही दाखवलं, खर्जात. छान वाटलं.

ताईने काकूंकडे बघितलं. "बसतंय की, काकू."

बसत होतं. अगदी मापात बसत होतं. काकूंनी मान खाली घालून ते एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं.

"'सोबत' काढा," त्या म्हणाल्या. "मी आहे ना म्हटल्यावर आणखी काही सांगावं लागत नाही. सांगितलं की ऐकणाऱ्याला शंका येते."

"मग त्या तीन अक्षरांत मी काय करू?"

"गप्प बसा."

"बाई, मी गप्प बसलो की लोकांना वाटतं, हा वाक्य विसरला. दोनदा खरंच विसरलो होतो, तेव्हापासून तर मी थांबतच नाही."

ताई हसली. काकू नाही हसल्या. "छापखान्यात कोरे खिळे असायचे," त्या म्हणाल्या. "त्यांच्यावर अक्षरच नसतं. ओळीत जागा उरली की ते घालायचे. छापल्यावर ते कुठे दिसत नाहीत. पण काढून बघा, सगळी ओळ ढिली होते, अक्षरं गळायला लागतात. आमच्याकडे जो जुळारी होता तो म्हणायचा, अक्षरं काय कुणीही जुळवेल, हात बघायचा तो कोऱ्या खिळ्यांत." त्या नटकाकांकडे वळल्या. "तीन कोरे खिळे घाला, नटकाका. लेकराला अंधारात ऐकलेलं पोहोचायला तेवढा वेळ लागतो."

नटकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते माइकजवळ सरकले.

"घाबरू नकोस. मी आहे ना."

ते थांबले. आणि नेमकं त्या थांबण्यात खालच्या दवाखान्यात यंत्र किरकिरलं.

"राक्षस आला," नटकाका म्हणाले.

यंत्र थांबायला चार मिनिटं लागली. कुणाची तरी दाढ होती. दुसऱ्या वेळी वाक्य झालं, आणि त्यानंतरची जागाही झाली. बग्याने पडद्याकडे बघून अंगठा वर केला. ताईने हेडफोन कानाला लावून ते ऐकलं, मग बोट फिरवून पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावरही हेडफोन तिने लगेच काढले नाहीत.

"जाऊ दे हेच," ती म्हणाली.

शुक्रवारी सगळ्यांनी केक कापला. त्याच्यावर लिहिलेल्या 'शुभेच्छा'मधला 'च्छ' बरोबर होता, तो काकूंनी आधी तपासला. नंतर कळलं की बग्याने दुकानदाराला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. टेबल आवरताना त्यांनी पेन्सिल बग्याच्या कॉम्प्युटरजवळ ठेवली. बग्या म्हणाला, याचं मी काय करू? काकू म्हणाल्या, कान खाजव.

सोमवारी दुपारी लेकीने ड्युटीवर जाताना नातीला सोडलं. नात हात धुवायला गेली, तेवढ्यात काकूंनी टॅब्लेटवर नवं ॲप उघडलं. शेवटचं पान आधी बघायची त्यांना सवय होती. गोष्ट संपल्यावर तिथे कामं करणाऱ्यांची यादी होती. चित्रं कुणाची, आवाज कुणाचा. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'मुद्रीतशोधक: वेलांटीकाकू'.

त्यांनी चष्मा पुढे ओढून परत वाचलं. 'द्री'ला दुसरी वेलांटी होती.

हात आपोआप टेबलाकडे गेला, पण पेन्सिल तिथे नव्हती, आणि असती तरी काचेवर उमटली नसती. त्यांनी त्या शब्दाला बोट लावलं. नटकाकांचा आवाज म्हणाला, "मुद्रितशोधक." कानाला अगदी बरोबर लागलं. फोन जवळच होता. बग्याला एक फोन केला असता तर अपडेटमध्ये ती वेलांटी सुधारली असती. काकू थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. सदतीस वर्षांत पहिल्यांदाच एक चूक त्यांनी बघून सोडून दिली. असू दे, त्यांना वाटलं, निदान कुणाला तरी कळेल की हे आपण लिहिलेलं नाही.

"आजी, दे ना."

नात सोफ्यावर पाय पसरून बसली. आजीने मटारची टोपली पुढ्यात घेतली.

"ये की! ये, ये, ये. मी तुझीच वाट पाहत होतो," काजवा म्हणाला.

नातीने मागे बघितलं नाही. ती म्हणाली, "आले," आणि लव्हाळ्याला बोट लावलं. बेडूक आला. नदी आली आणि ओलांडून झाली. दम लागला का ते काजव्याने विचारलं, नातीने लागला नाही म्हणून सांगितलं. मग झाडं गेली, नदी गेली, आणि नातीच्या तोंडावर पडलेला टॅब्लेटचा उजेडही गेला. एक ठिपका राहिला.

"घाबरू नकोस. मी आहे ना."

काजवा थांबला.

"हं," नात म्हणाली.

मग चित्र पुढे सरकलं. पण नातीने बोटाने पान मागे घेतलं आणि परत अंधार केला. काजवा परत तेच म्हणाला, परत थांबला, आणि तिने परत त्याला हं दिलं. आजी शेंगा सोलत होती. तिसऱ्यांदा अंधार झाला तेव्हा तिचे हात थांबले.

"मी आहे ना."

त्या तीन अक्षरांच्या जागेत, नातीच्या पाठोपाठ, अगदी हळू, आजीही म्हणाली, "हं."